घोडं वैनगंगेत न्हालं

अश्वशक्ती हा शब्द एका विक्रेत्यानं रूढ केला हे वाचलं, तेव्हा आपण बी. कॉम. झाल्याचं मला पहिल्यांदाच समाधान वाटलं. जेम्स वॅट हा मोठा संशोधक होता, त्याबद्दल वाद नाही. पण अठराव्या शतकाच्या शेवटी त्याला वाफेची इंजिनं खपवायची होती आणि गिऱ्हाइकं होती खाणवाले, गिरणीवाले आणि बिअर गाळणारे. या मंडळींच्या पदरी घोडे होते. त्यांचा प्रश्न एकच, "हे तुमचं धूड किती घोड्यांचं काम करील?" वॅटनं हिशेब मांडला आणि मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक घोडा, असं ठरवून टाकलं. आता हा कागदावरचा घोडा खऱ्या घोड्यापेक्षा चांगलाच तगडा होता. दिवसभर त्या दरानं राबणारं जनावर शोधून सापडलं नसतं. म्हणजे गिऱ्हाइकानं चार घोड्यांचं इंजिन नेलं, तर त्याला घरच्या चार घोड्यांपेक्षा जास्तच काम मिळे आणि तो तक्रार घेऊन परत येत नसे. ठेव योजनांची माहितीपत्रकं लिहिणाऱ्या बँकवाल्यांनी या माणसाचा फोटो टेबलावर ठेवायला हरकत नाही.

तेव्हापासून माणूस घोडे मोजायला शिकला. ते कशाला जुंपायचे, हे पाहायला मात्र शिकला नाही. टांग्याला कुणी २५ घोडे जुंपले तर सगळा गाव हसायला जमेल. पण तेच २५ घोडे पत्र्याच्या डब्यात घालून एखाद्या नावेच्या पाठीला टांगले, की हसणं राहिलं बाजूला, लोक विचारतात, "पिकअप कसा आहे?"

नावेच्या पाठीला इंजिन टांगायची कल्पना तशी जुनी. पॅरिसच्या गुस्ताव त्रुव्हे नावाच्या गृहस्थानं १८८१ साली सीन नदीत विजेवर चालणारी मोटर नावेला लावून दाखवली होती. पण तिचा धंदा केला तो नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूड यानं. गोष्ट अशी सांगतात, की विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर सहलीला गेले असताना त्याच्या मनात भरलेल्या मुलीला आइस्क्रीम हवं झालं. हा वल्हं मारत पैलतीरी गेला, आइस्क्रीम घेतलं आणि वल्हं मारत परत आला. तोवर आइस्क्रीमचं दूध झालेलं. आपल्याकडे अशा वेळी मुलीची समजूत घालतात किंवा दुसरी मुलगी पाहतात. एव्हिनरूडनं मोटर केली. १९०९ साली ती बाजारात आली. वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर, म्हणजे भाव अगदी कांद्यासारखा तागडीवर. मुलीशी लग्नही झालं आणि पुढं धंद्याचे हिशेब आणि जाहिराती तिनंच सांभाळल्या. त्या मोटरची ताकद होती दीड घोडा. आइस्क्रीम न वितळता आणायला दीड घोडा पुरतो, हे ध्यानात ठेवा.

मला या विषयात पडायचं कारण नव्हतं. मी बँकेतला कारकून. पण माझी बदली आधी चंद्रपूरला आणि मग गडचिरोलीला झाली. गडचिरोलीला बदली झालेल्या माणसाचं आमच्यात अभिनंदन करत नाहीत, मच्छरदाणी भेट देतात. इथं येऊन पाहिलं, तर हा मुलूख जंगलाचा म्हणून प्रसिद्ध असला तरी खरं राज्य नद्यांचं आहे. १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा काढला, तेव्हा वाटणीची रेघ बरीचशी वैनगंगेनंच आखून दिली. खाली चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंच्याला गोदावरीत जाते आणि थोडं पुढं सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. जिल्हे दोन झाले, पण लोकांची सोयरीक झाली नाही दोन. एका काठावर माहेर, दुसऱ्या काठावर सासर, शेत इकडं, बाजार तिकडं. पूल आहेत, पण ते सोयीच्या ठिकाणी असतात, म्हणजे आपल्या गावापासून लांब. म्हणून डोंगा.

तर एके दिवशी नदीकाठच्या एका गावातला ढिवर समाजातला एक पोरगा कर्जाचा अर्ज घेऊन काउंटरवर आला. घरचा डोंगा होता, १४ फूट लांब. बाप त्यात मासे धरी आणि माणसं पार करी. पोराला त्याच्यावर मोटर बसवायची होती. कोकणातल्या कुठल्याशा बंदरावर काम करणाऱ्या नातेवाइकानं एक जुनी मोटर पाठवली होती. आधी चालवून पाहा, पटली तर पैसे द्या, असा उधारीचा मामला. मोटर होती २५ घोड्यांची.

"एवढी मोठी काय करायची रे?" मी विचारलं.

"साहेब, ५ घोड्याची घेतली तर घोडा महाग पडते जी. २५ ची घेतली तर घोड्यामागं स्वस्त."

मी गप्प झालो. घाऊक दराचा हा सिद्धांत आम्हाला कॉलेजात दोन वर्षं शिकवला होता आणि पोरानं तो एका वाक्यात सांगितला. त्याचा पुढचा हिशेबही चोख होता. दुप्पट वेग म्हणजे दुप्पट खेपा, दुप्पट खेपा म्हणजे दुप्पट पैसा, म्हणजे हप्ता अर्ध्या वेळात फिटणार. आमचे मॅनेजरसाहेब खूष झाले. त्यांनी मला पाहणीला पाठवलं, कारण शाखेत पोहता येणारा मी एकटाच होतो. पाहणीचा छापील फॉर्म मात्र दुभत्या जनावरांचाच शिल्लक होता. त्यात 'जनावरांची संख्या' या रकान्यात मी २५ लिहावेत की १, यावर आमच्या शाखेत चहाच्या वेळी मतभेद झाले. 'शिंगे' आणि 'दररोजचे दूध' हे रकाने मी कोरे सोडले.

पाहणीला जाण्याआधी मी थोडं वाचन केलं. कर्जदाराची परतफेडीची ऐपत काढायचं कोष्टक असतं, तसं नावेची घोडे पेलायची ऐपत काढायचं कोष्टक कुणी केलं असेल का? केलेलं आहे. अमेरिकेत १९७१ साली नौका सुरक्षेचा कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांत हे कोष्टक आहे. इतकं देखणं कोष्टक मी व्याजाच्या तक्त्यांनंतर पाहिलं नाही. नावेची लांबी फुटात घ्यायची, मागच्या फळीची रुंदी फुटात घ्यायची, दोन्हींचा गुणाकार करायचा. ३५ पर्यंत आला तर ३ घोडे. ३६ ते ३९ आला तर ५. ४० ते ४२ ला साडेसात, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५. आणि तळ सपाट, कडा काटकोनी असेल तर एक पायरी खाली उतरायचं. आपल्या डोंग्याची लांबी १४, मागची फळी ३ फूट. गुणाकार ४२. म्हणजे साडेसात घोडे, आणि तळ सपाट म्हणून एक पायरी खाली, ५ घोडे. पोराकडे २५ होते. पगार ५ आणि हप्ता २५, असा कर्जदार आला तर आमचे साहेब त्याला चहासुद्धा विचारत नाहीत.

पण ऐपतीपेक्षा जास्त घोडे लावले तर होतं काय? वेग वाढेल, एवढंच ना? इथंच घोडं पेंड खातं. वेग वाढतच नाही. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७० च्या सुमारास टॉर्कीला घराजवळ एक लांबलचक हौद बांधला आणि त्यात नावांच्या प्रतिकृती ओढून ओढून हा प्रकार समजून घेतला. नाव चालली की पुढच्या टोकाशी लाट उठते. वेग वाढला की ती लाट लांब होते. शेवटी एका वेगाला तिची लांबी नावेच्या लांबीएवढी होते आणि नाव आपल्याच दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बसते. त्याहून पुढं जायचं तर आपणच केलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. या वेगाचं सूत्र आहे, पाण्याशी टेकलेल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. डोंगा अख्खा पाण्याला टेकला असं धरलं, तरी १४ चं वर्गमूळ ३.७४ आणि गुणाकार जेमतेम ५. म्हणजे तासाला सव्वानऊ किलोमीटर. तेवढ्याला तीन-चार घोडे रग्गड झाले. बाकीचे एकवीस घोडे काय करणार? ते चढ चढायला बघणार. ज्या नावा त्यासाठीच बनवतात, त्यांचा तळ मागं रुंद आणि सरळ असतो, त्या पाण्यातून वर येऊन पाण्यावर सरपटतात. आपला डोंगा पाळण्यासारखा, दोन्ही टोकांना वर वळलेला. त्याला मागून ढकललं तर तो वर येत नाही, मागं बसतो. शिवाय त्या मोटरचं वजन ५० किलो, पेट्रोलची टाकी वेगळी, आणि हँडल धरून बसणारा पोरगाही मागंच.

हा सगळा हिशेब मी साहेबांना समजावला. ते म्हणाले, "अहो, हे अमेरिकेचं झालं. आपल्या नद्यांवर कुणी इंजिन लावून पाहिलंय का?"

पाहिलंय. आणि साधंसुधं नाही, सरकारी खर्चानं पाहिलंय.

ही गोष्ट गोदावरीची. सर आर्थर कॉटन हे नाव आंध्रात आजही देवासारखं घेतात. १८४७ ते १८५२ या काळात त्यांनी धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला आणि दुष्काळी त्रिभुज प्रदेशाचं भाताचं कोठार केलं. त्यांचे तिथं पुतळे आहेत, संग्रहालय आहे, आणि ते सगळं वाजवी आहे. पण कॉटनसाहेबांच्या मनात आणखी एक होतं. रेल्वे हे थोतांड आहे, हिंदुस्थानात मालाची ने-आण पाण्यातून झाली पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. आणि त्यांच्या हातात होती गोदावरी. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस, हिंगणघाटचा कापूस, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत, आणि गोदावरीतून थेट समुद्रावर न्यायचा. आगबोटीनं! नकाशावर बोट ठेवून पाहा, किती सोपं दिसतं. आडनाव कॉटन असलेल्या माणसाला कापसाची स्वप्नं पडली, यात त्यांचा दोष काय?

वाटेत तीन अडथळे होते, तीन ठिकाणी नदी खडकांवरून आदळत जाई. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा सिरोंच्याच्या खाली इंचमपल्लीला, तिसरा वर प्राणहितेवर देवलमरीला. तिथं बंधारे घालून, बगलेनं कालवे आणि दरवाजे काढून बोटी वर चढवायच्या, अशी योजना होती. कॅप्टन हेग नावाचे इंजिनिअर त्यासाठी या नद्या पालथ्या घालत होते. १८६० साली निजामाकडून इकडचा टापू घेऊन 'अप्पर गोदावरी' नावाचा अख्खा जिल्हा केला आणि मुख्यालय ठेवलं सिरोंचा. आज ज्या सिरोंच्याला जायचं म्हटलं की आमच्या शाखेतले लोक वैद्यकीय रजेचे नियम वाचायला लागतात, ते सिरोंचा तेव्हा उद्याचं मोठं बंदर होतं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि गोदावरीच्या योजनेला एकदम भाव आला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल स्वतः नदी पाहायला उतरले.

योजना मोठी होती, माणसं हुशार होती, पैसा सरकारचा होता. नडलं ते पाणी. या नद्या वर्षातले काही महिने समुद्रासारख्या असतात आणि उरलेले महिने वाळूतून वाट काढत जातात. पुराच्या लोंढ्यावर चढायला बोटीला जबर इंजिन पाहिजे. जबर इंजिन म्हणजे मोठा बॉयलर, मोठा बॉयलर म्हणजे लाकडाचा ढीग, आणि हे सगळं वजन घेऊन बोट पाण्यात खोल बसणार. खोल बसणारी बोट पूर ओसरला की वाळूत रुतणार. हलकी बोट करावी तर इंजिन हलकं, आणि हलकं इंजिन पुरासमोर मागं मागं जाणार. नदीला तोंड देण्याइतकी जोरकस बोट नदीत मावत नव्हती आणि नदीत मावेल ती बोट नदीला तोंड देत नव्हती. पावसाळ्यात खालच्या टप्प्यात आगबोटी चालत. पण आमच्या बाजूला, तिन्ही अडथळे ओलांडून बारमाही वाहतूक करायची, तर इंजिनाचे घोडे वाढवून भागणार नव्हतं, नदीच बदलायला हवी होती. त्यात हे जंगल, हिवताप, आणि मजुरांची वानवा.

आणि मग १८६७ साली रेल्वे नागपूरला येऊन पोचली. मुंबईची रेल्वे! तिला पूर नव्हता, वाळू नव्हती. कापूस गाडीत बसून निघून गेला. १८७१ साली गोदावरीचं काम थांबवायचा हुकूम आला, की जेवढी वाहतूक होईल त्यात हा खर्च निघणार नाही. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची तहसील झाली. लाखो रुपये पाण्यात गेले, हा वाक्प्रचार इथं अक्षरशः खरा आहे. दुम्मागुडेमचा दगडी बंधारा अजून उभा आहे. गंमत पाहा, गोदावरीचं काम बंद पडलं १८७१ ला आणि अमेरिकेतल्या नावांचा कायदा झाला बरोबर १०० वर्षांनी, १९७१ ला. कॉटनसाहेबांच्या हाती ते कोष्टक आलं असतं तर त्यांनी ते फेकून दिलं असतं म्हणा. मोठी माणसं कोष्टकं पाळत नाहीत. ती पाळायला आम्ही असतो.

साहेबांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कर्ज नामंजूर?" मी म्हटलं, आधी मोटर चालताना तर पाहू.

डिसेंबरचे दिवस होते. वैनगंगा शांत, काठाशी कमरेएवढं पाणी. बापानं एक पाहिलं, की पोराशिवाय डोंग्यात कुणी बसणार नाही. बसायला आतुर झालेले आठ-दहा जण त्यानं हाकलून लावले. दुसरं म्हणजे, त्यानं मोटरच्या मुंडीला एक जाड दोर बांधला आणि त्याच्या टोकाला रिकामा प्लास्टिकचा डबा.

"हा कशाला, बाबा?" मी विचारलं.

"असू द्या जी. पाण्यात काही न्यायचं म्हणजे आधी दोर बांधाव."

मी त्याला अमेरिकेचं कोष्टक सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले तं डोंगा पाहूनच समजलं होतं. पण त्याले एक डाव पाहू द्या. नाहीतर जलमभर म्हणन, का बापानं चालवू देल्ली नाही."

पोरानं रस्सी ओढली. तिसऱ्या ओढीला मोटर गरजली, काठावरचे बगळे उडाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं हँडल पिळलं. पुढं जे झालं त्याला पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. डोंग्याचं पुढचं टोक वर उठलं, आणखी उठलं, आणि वरातीतला घोडा फटाक्यांना बिचकून मागच्या पायांवर उभा राहतो तसा डोंगा उभा राहिला. समोरचं दिसेना म्हणून पोरगा घाबरला आणि त्यानं हँडल एकदम सोडलं. बहुतेकांचा घात इथंच होतो. जोर जास्त होता तोवर निदान नाव पळत होती, मागची लाट मागंच राहत होती. नाव थबकली, पण लाट थबकत नाही. ती मागून आली ती सरळ फळीवरून आत. फळी आधीच ५० किलोच्या भारानं पाण्याला टेकलेली. आत पाणी भरलं, मोटर एका बाजूला पिळली, जुनी फळी कडाडली, आणि फळीसकट २५ घोडे वैनगंगेच्या तळाला गेले. डोंगा पालथा झाला. पोरगा पाण्यातून उभा राहिला तेव्हा पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं आणि तोंडावर शेवाळ होतं. प्लास्टिकचा डबा ऐटीत तरंगत होता. चौघांनी दोर ओढून मोटर काठावर आणली.

शाखेत येऊन मी अहवाल दिला. साहेब म्हणाले, "चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं!" आणि फाइल बंद केली.

हे भारतात दुसरीकडेही घडून गेलेलं आहे, फक्त तिथं शिकायला जास्त वर्षं लागली. १९५३ साली केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथं नॉर्वेच्या मदतीनं मच्छीमारीचा प्रकल्प सुरू झाला. पहिला विचार असा, की कोळ्यांच्या आहेत त्याच नावांना इंजिनं बसवू. त्या नावा लाटांतून वल्ह्यानं न्यायला शेकडो वर्षांत घडलेल्या होत्या, इंजिनाचं वजन आणि थरथर सोसायला नव्हे. शेवटी नावाच नव्या बनवाव्या लागल्या. १९८० च्या दशकात मग तिथल्या छोट्या नावांच्या मागं टांगायच्या मोटरी आल्या. सुरुवातीला सात-आठ घोडे पुरत. मग शेजाऱ्यानं १५ चे लावले म्हणून यानं २५ चे, त्यानं ४० चे, आणि पुढं तर एकेका नावेला दोन-दोन, तीन-तीन मोटरी. मासे तेवढेच. रॉकेल मात्र घोड्यांच्या हिशेबानं. या नावा उलटल्या नाहीत, पण त्यांचे मालक कर्जात किती बुडाले याची गणती करायला कुणी काठावर उभं नव्हतं. आमच्या धंद्यात बुडणाऱ्याला हातपाय मारताना आवाज होत नाही, फक्त खातं थकबाकीत जातं.

आणि श्रीमंतांचं म्हणाल, तर इंग्लंडचा डोनाल्ड कॅम्पबेल. पाण्यावरच्या वेगाचे सात विक्रम त्याच्या नावावर होते. आठव्यासाठी त्यानं आपल्या 'ब्लूबर्ड' नावेत आधीच्यापेक्षा जास्त ताकदीचं जेट इंजिन बसवलं. ४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टन तळ्यावर, ताशी ४८० किलोमीटरच्या पुढं, नावेचं पुढचं टोक उचललं गेलं आणि नाव हवेत कोलांटी घेऊन पाण्यात आपटली. नक्की कशानं, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. त्याच्या पहिल्याच फेरीच्या लाटा तळ्यात अजून विरलेल्या नव्हत्या, हे एक कारण सांगतात. नाव आणि तो, दोघंही तळातून वर यायला २००१ साल उजाडलं.

आमच्या गावात कुणाला विक्रम करायचा नव्हता, खेपा करायच्या होत्या. पोरानं ती मोटर सुकवून, दुरुस्त करून नातेवाइकाला परत पाठवली आणि दोन वर्षं मजुरी करून, थोडं आमच्याकडचं कर्ज काढून ५ घोड्यांची घेतली. या वेळी कोष्टक त्यानंच मला पाठ म्हणून दाखवलं. मागची फळी सागाची, नवी. दोर आणि डबा कायम.

मग मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण नदीवर एवढं सोपं नसतं. मोटर आली म्हणजे डोंगा बळकट झाला, असं लोकांना वाटायला लागलं. पूर्वी आठ जण बसायचे, आता बारा चढायला बघत. मोटर ओढते ना, मग काय! आता ओढणं आणि तरंगणं ही दोन निरनिराळी खाती आहेत, एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही, हे मी एकदा घाटावर समजावून सांगितलं. ज्यांना समजावलं ते मान डोलवून डोंग्यात चढले.

२०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ, मिरची तोडायला पलीकडच्या काठावर निघालेल्या मजूर बायकांची छोटी नाव वैनगंगेत उलटली आणि त्यातल्या बायका बुडाल्या. रोजची वाट, रोजची नाव, रोजचंच पाणी. त्या आठवड्यात आमच्या शाखेत पैसे काढायला आलेली बाई न बाई तेच बोलत होती. त्यानंतर मी आमच्या पोराच्या घाटावर गेलो होतो, हप्त्याचं निमित्त काढून.

सकाळची वेळ होती. मिरची तोडायला जाणाऱ्या बाया डबे आणि पदर सावरत उभ्या होत्या. पोरगा मागं मोटरीशी बसलेला. बाप काठावर उभा राहून एकेकीला आत सोडत होता आणि आमचा रोखपाल नोटा मोजतो तसा, ओठ हलवत, मोजत होता. सात झाल्यावर त्यानं हात आडवा धरला. आठवी बाई म्हणाली, "एकटीनं काय होते बाप्पा, मोटर हाये ना!"

"मोटर हाये म्हणूनच सात," बाप म्हणाला. "बाकीच्या दुसऱ्या खेपेले."

ती पुटपुटत मागं सरली आणि डबा मांडीवर घेऊन वाळूत बसली.